स्पोर्ट्स कारचे आफ्टरमार्केट एक्झॉस्ट हेडर्स घरी स्वतः बसवता येतात का, की हे काम गॅरेजलाच द्यावे?

होय, हेडर्स, म्हणजे इंजिनातून जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच, घरी बसवता येतात, आणि हाताशी टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरानेच नट आवळणारा पाना) व संयम असेल तर स्वतःच बसवावेत. हे काम जाणकारांनीच करावे असे सांगणाऱ्या जाणकारांचेच काम मला एकदा उलगडून पाहावे लागले आहे, म्हणून इतक्या ठामपणे लिहीत आहे.

माझी गाडी टोयोटा ८६ आहे. तिच्या २ लिटरच्या बॉक्सर इंजिनाचा टॉर्क साधारण ३५०० ते ४५०० आरपीएमच्या दरम्यान खाली बसतो, हे ती चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते आणि हेडर बदलणे हा त्यावरचा प्रचलित उपाय आहे. माझे मेहुणे गाड्यांच्या व्यवसायातले, त्यामुळे त्यांनी सुचवलेल्या गॅरेजमधूनच मी हेडर बसवून घेतला. गाडी घरी आली आणि थंड इंजिन सुरू करताच टिकटिक ऐकू येऊ लागली, मागून कच्च्या पेट्रोलचा वास येऊ लागला आणि काही दिवसांतच इंजिनाचा दिवा लागला. गॅरेजचे म्हणणे पडले की हेडर बदलल्यावर ईसीयूचे (इंजिनाच्या संगणकाचे) गणित चुकतेच, तेव्हा रीमॅप (त्यातली आकडेवारी बदलून घेणे) करून घ्या. मेहुण्यांनीही तेच सांगितले आणि वर, ज्याचे काम त्यानेच करावे, तू यात पडू नकोस, असेही सुनावले.

मी स्कॅनर लावून फ्युएल ट्रिमचे, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती वाढवतो किंवा घटवतो याचे, आकडे पाहिले. इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) असताना ट्रिम बरेच अधिक बाजूला होते, म्हणजे ईसीयू जास्तीचे पेट्रोल ओतत होता; आरपीएम वाढवून धरले की तेच आकडे शून्याजवळ येत होते. केवळ नवा हेडर ईसीयूतल्या मॅपला मानवत नसता, तर हा फरक नेमका आयडलवर दिसून वर नाहीसा झाला नसता. एक्झॉस्टमधला वायू सलग वाहत नाही, तो ठोक्याठोक्याने येतो आणि प्रत्येक ठोक्यामागे क्षणभर दाब कमी होतो. सांध्यात फट असेल तर त्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते, पुढच्या सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, मिश्रण पातळ झाले असे समजून ईसीयू पेट्रोल वाढवतो, आणि प्रत्यक्षात मिश्रण अधिकच गडद होत जाते. आरपीएम वाढले की वायूचा ओघ इतका मोठा होतो की त्या चोरट्या हवेचा हिस्सा नगण्य ठरतो. इनटेकच्या बाजूला गळती असली तरी आकडे असेच दिसतात, म्हणून खात्री करून घेणे भाग होते. इंजिन पूर्ण थंड असताना व्हॅक्यूम क्लीनरची हवा फेकणारी बाजू सायलेन्सरच्या तोंडाला लावली आणि गाडीखाली जाऊन प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी फवारले. एका बाजूच्या फ्लँजच्या (हेडर इंजिनाला बोल्टने जोडणाऱ्या पट्टीच्या) मागच्या कडेला बुडबुड्यांची रांगच उठली.

हेडर उतरवला तेव्हा सगळा उलगडा झाला. इंजिनाच्या हेडवर जुन्या गॅस्केटचा (सांधा बंद करणाऱ्या पातळ पत्र्याचा) काळा थर तसाच चिकटलेला होता आणि त्यावरच नवे गॅस्केट दाबले होते. एक नट इम्पॅक्ट गनने इतका आवळला होता की स्टडचे (हेडमध्ये बसवलेल्या आटेदार दांड्याचे) आटे ओढले गेले होते, तर शेजारचा नट बोटांनी फिरत होता. मेहुणे ज्याला अनुभवी हात म्हणत होते, त्या हाताने टॉर्क रेंच उचललाच नव्हता.

पुढचे काम मी स्वतः केले आणि तुम्हीही त्याच क्रमाने करावे. पोर्टमध्ये (हेडमधल्या वायू बाहेर पडण्याच्या तोंडात) स्वच्छ कापडाचे बोळे घालून हेड प्लास्टिकच्या स्क्रेपरने खरवडावे. हेड ॲल्युमिनियमचे असते, त्यावर ग्राइंडरची चकती फिरवली तर खड्डे पडतात आणि घासलेली भुकटी पोर्टमध्ये जाते. नव्या हेडरच्या फ्लँजवर सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवून पाहावा, कारण वेल्डिंगमध्ये फ्लँज वाकडी झालेली असेल तर कोणतेही गॅस्केट ती झाकू शकत नाही. बिघडलेला स्टड दोन नट एकमेकांवर आवळून काढता येतो. गॅस्केट कोरडेच बसवावे. सिलिकॉन लावू नये, त्याच्या वाफेने ऑक्सिजन सेन्सर खराब होतो. त्यानंतर फ्लँज, खालचा सांधा आणि ब्रॅकेट असे सगळे नट-बोल्ट आधी हातानेच लावावेत आणि पाइप कुठेही ताणलेला नाही हे पाहूनच मधून कडेकडे, दोन-तीन टप्प्यांत, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कपर्यंत आवळावेत. ३०४ स्टेनलेसचा अर्धा मीटर पाइप ६०० अंशांनी तापला की सुमारे ५ मिलिमीटर वाढतो. पाइप आधीच ताणून बसवला असेल तर ही वाढ थेट फ्लँजवर आणि वेल्डिंगवर येते. सेन्सरच्या आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारे मलम) लावावे, टोकाला त्याचा थेंबही लागू देऊ नये. सुरू करण्यापूर्वी पाइप अल्कोहोलने पुसावा, नाहीतर बोटांचे तेलकट ठसे कायमचे भाजून राहतात.

या कामानंतर टिकटिक थांबली आणि ट्रिम जागेवर आले, ईसीयूला हातही न लावता. मेहुणे आजही हा योगायोग मानतात. मधल्या आरपीएममधला तो टॉर्कचा खड्डा आणखी भरून काढण्यासाठी रीमॅपचा उपयोग होतो, हे मला पूर्ण मान्य आहे. मात्र गळक्या सांध्यावर केलेला रीमॅप चुकीच्या आकड्यांवर आधारलेला असतो आणि त्याला दुरुस्ती म्हणणे मला पटत नाही. व्यवसाय कोणाचा आहे यापेक्षा सांधा कोणी तपासला, हे मी महत्त्वाचे मानतो.

आता काही गोष्टी, ज्या खरे तर आधीच सांगायला हव्या होत्या. बॉक्सर इंजिनात हे सगळे काम गाडीखाली झोपून करावे लागते, त्यामुळे कठीण आणि सपाट जमिनीवर भक्कम जॅक स्टँड हवेतच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. गाडी जुनी असेल तर गंजलेल्या नटांवर आदल्या दिवशीच पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवावे, आणि स्टड हेडच्या आतच तुटला तर तिथे थांबून ते काम मशीन शॉपकडे सोपवावे. ८६ मध्ये पहिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) कंपनीच्या मूळ हेडरमध्येच असतो आणि बाजारातल्या अनेक हेडर्समध्ये तो नसतो. असा हेडर बऱ्याच देशांत रस्त्यावर बेकायदेशीर आहे आणि कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याच्या पी०४२० या कोडचा दिवाही लागू शकतो, म्हणून रोजच्या वापराच्या गाडीसाठी कन्व्हर्टर असलेलाच हेडर घ्यावा. पहिल्या काही फेऱ्यांनंतर इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि हेडरच्या निर्मात्याने सांगितले असल्यास नट पुन्हा त्याच टॉर्कला तपासून घ्यावेत.