ग्रंथालयाचं प्रोजेक्ट आणि कुठेच न बसणारी विद्यार्थिनी

प्रश्न : मी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या ग्रंथालयाचं मिनी प्रोजेक्ट जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत केलं. व्यक्ती, सदस्य, विद्यार्थी, पदव्युत्तर विद्यार्थी अशी क्लासची, म्हणजे साच्यांची, उतरंड रचली. पण एम.टेक. करणारी एक विद्यार्थिनी शिकवतेही. तिला कुठे बसवावं कळेना. परीक्षक म्हणाले, डिझाइन कच्चं आहे. डेव्हलपमेंट सोडून टेस्टिंगकडे वळू का?

उत्तर : टेस्टिंग आवडत असेल तर जरूर वळ, पण एका शेऱ्यापायी नको. आपलं डिझाइन नेमकं कुठे अडलं हे तुला दिसलं, आणि माझ्या मते ते मोठं आहे.

जीवशास्त्रात प्राण्यांचं वर्गीकरण करतात तसं तू माणसांचं केलंस. पण जावात ऑब्जेक्ट, म्हणजे क्लासच्या साच्यातून घडवलेली एकेक नोंद, एकदा तयार झालं की त्याचा क्लास बदलत नाही. उद्या हीच विद्यार्थिनी प्राध्यापिका झाली तर जुनं ऑब्जेक्ट टाकून नवं करावं लागेल, तिच्या नावावरची पुस्तकंही हलवावी लागतील. शिवाय एका क्लासला दोन पालक क्लास जावा देत नाही. म्हणून 'सदस्य' हा एकच क्लास ठेव आणि त्याच्याकडे भूमिकांची यादी दे. किती पुस्तकं, किती दिवस, दंड किती, हे प्रत्येक भूमिका सांगेल. दोन भूमिका असतील तर कोणती सवलत लागू करायची, तो नियम एकाच जागी लिही.

मग इन्हेरिटन्स, म्हणजे पालक क्लासचे गुण अपत्य क्लासला देणं, वापरायचं कधी? संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या विचाराचा गाभा असा : पालक क्लासच्या जागी अपत्य क्लास ठेवला तरी वापरणाऱ्याचं काही बिघडू नये. इथे जावाचे कर्तेही चुकले आहेत. त्यांनी 'स्टॅक'ला (चळत) 'व्हेक्टर'चं (कुठेही वस्तू घालता येणारी यादी) अपत्य केलं, त्यामुळे फक्त वरूनच ठेवायच्या-काढायच्या चळतीत मधेही वस्तू घुसवता येते. जुने प्रोग्रॅम मोडतील म्हणून ते नातं आजही तोडता येत नाही. जावाचं डॉक्युमेंटेशनच 'स्टॅक'ऐवजी 'डेक' (दोन्ही टोकांनी ठेवता-काढता येणारी रांग) वापरा म्हणतं. क्लासच्या उतरंडीत पातळ्या वाढल्या की प्रोग्रॅम हळू होईल ही भीती सहसा फोल असते. खरी किंमत पुढचे बदल करताना मोजावी लागते.

सुट्टीत प्रोजेक्ट नव्याने लिही. जुनी आवृत्ती पुसू नकोस, दोन्ही गिटहब या कोड साठवायच्या संकेतस्थळावर ठेव. मग दोन्हींत 'माजी विद्यार्थी' हा नवा प्रकार घाल आणि प्रत्येकीत किती फाइलींना हात लावावा लागला ते मोज. मुलाखतीत डिझाइनचा प्रश्न आला की ते दोन आकडे सांग.