झूल ट्रंकेत टाकण्याआधी

भावा, होळी झाली, पहाटेचा गारठा संपला, म्हणून घोड्याच्या अंगावरची थंडीची झूल घडी करून तशीच ट्रंकेत कोंबू नकोस. आपला पावसाळा जूनपासून चार महिने मुक्काम ठोकतो. घामट झूल त्यात बुरशीचं घर होते.

आधी कडक उन्हात दोरीवर टाक आणि काठीनं झोड. मग खराऱ्यानं, म्हणजे घोडा घासायच्या दातेरी ब्रशनं, आतली बाजू उलट्या दिशेनं घास. खांद्याजवळ आणि छातीच्या पट्ट्याखाली केस, घाम आणि धूळ मिळून दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखा थर बसलेला असतो. तो सुका असतानाच निघतो, भिजला की चिकटला.

लोकरीची असेल तर गार पाणी आणि रिठा. गरम पाण्यात मी एकदा घोंगडी भिजवली, ती आटून शिंगराच्या मापाची झाली. वरून वॉटरप्रूफ कापड असेल तर कडक पावडर आणि ब्रश दोन्ही टाळ, पाणी अडवणारा थर जातो. साबण मात्र पाणी नितळ येईपर्यंत काढ. राहिला तर पुढच्या थंडीत घोडं भिंतीला अंग घासत बसेल. नायटा झालेल्या घोड्याची झूल वेगळी धू, दुसऱ्याच्या अंगावर चुकूनही नको.

चामडी पट्टे बुडवायचे नाहीत, ओल्या फडक्यानं पुसायचे. बकलांना तेलाचं बोट. उसवलेलं आत्ताच शिवून घे.

वाळवायला दोन दिवस दे. शिवणीला गाल लावून बघ, गार लागली तर अजून ओल आहे. मग पत्र्याची ट्रंक, कसरीसाठी डांबरगोळ्या. पोत्यात ठेवलीस तर उंदीर दिवाळी करतील.