कुत्रा ताटलीवर गुरगुरत असेल तर काठी नको, अंतर ठेवा

ताई, तुमचं पत्र मिळालं: तुमचा कुत्रा टायगर जेवताना गुरगुरतो आणि परवा भावोजींच्या हाताला त्याचे दात लागले. आधी भावोजींच्या हाताचं बघू, टायगरचं नंतर. नुसता ओरखडा आहे, रक्त आलं नाही, म्हणून तुम्ही सोडून दिलंय असं दिसतं. तसं करू नका, आजच दवाखान्यात जा. दात लागून कातडी खरवडली गेली की रक्त आलं नसलं तरी रेबीजच्या लसीचा विचार करावाच लागतो आणि तो डॉक्टरांनी करायचा, आपण नव्हे. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजशी लढणारी तयार प्रतिपिंडंही देतात. पुढे कधी असं झालं तर वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. टायगरवर १० दिवस लक्ष ठेवा आणि त्याचं लसीकरणाचं कार्ड शोधून बरोबर न्या. गोव्यात २०१३ ते २०१९ या काळात कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लस टोचली गेली, त्यामुळे इथला रेबीज फार मोठ्या प्रमाणात आटोक्यात आला हे खरंच. पण आपल्या डिचोलीहून महाराष्ट्रातलं दोडामार्ग असं कितीसं लांब? आणि कुत्र्यांना चेकपोस्ट नसतो.

आता टायगर. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: बाजारातून उचलून आणलेलं पिल्लू, आता दोन वर्षांचा आहे. एरवी कोणाच्याही पायात लोळतो, पण जेवताना जवळ गेलं की गुरगुरतो. परवा परसात बांगड्याचं डोकं तोंडात धरून बसला होता, भावोजी ते काढून घ्यायला गेले आणि दात लागले. घरात चार वर्षांची मुलगी आहे. सासरे म्हणतात काठी दाखवा, शेजारी म्हणतात रोज ताटलीत हात घाला म्हणजे सवय होईल.

पहिली गोष्ट, टायगर गुरगुरतो हे मला बरं वाटलं. गुरगुरणारा कुत्रा चावण्याआधी कळवतो. त्याबद्दल मार पडला की तो कळवणं बंद करतो, पोटातली धास्ती मात्र तशीच राहते. मग एके दिवशी लोक सांगत येतात, काही न करता एकदम चावला. अशा घरांत जरा खोलात जाऊन विचारलं की बहुतेकदा निघतंच, लहानपणी गुरगुरायचा, मग आम्ही चांगला सरळ केला.

सासऱ्यांना दुखवू नका, त्यांच्या काळात सगळे तसंच करायचे. कुत्र्याला मालक कोण ते दाखवून द्यावं लागतं, ही समजूत मुळात पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवरून आली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे साधारणपणे आईबाप आणि त्यांची पिल्लं. तिथे गादीसाठी रोजची मारामारी नसते. टायगरला तुमचं घर ताब्यात घ्यायचं नाही. त्याला बांगड्याचं डोकं हवंय, बस. मासळीबाजाराच्या मागे भावंडांबरोबर वाढलेलं पिल्लू ते. जो आधी गिळेल तो जगेल, एवढंच शिकून आलेलं.

शेजाऱ्यांचा सल्ला तर मला काठीपेक्षा जास्त खटकतो, कारण तो प्रेमळ वाटतो. हात आला की जेवण अडतं अशी टायगरची शंका आहे. तुम्ही रोज हात घातलात की त्या शंकेला रोज पुरावा मिळतो. काही कुत्री सोसतात, म्हणून लोक सांगतात आमच्याकडे चाललं. जी सोसत नाहीत त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही.

जेवताना माणूस जवळ आलेला चालावा म्हणून पुढे एक सराव सांगते, पण तो सुरू करण्याआधी टायगरला जनावरांच्या डॉक्टरांकडे एकदा तपासून घ्या. किडलेला दात, कानाचं दुखणं, सांधे, जंत, गोचीडताप, यांतलं काहीही असलं तरी कुत्रा चिडका होतो. पावसाळ्यात आपल्याकडे कुत्र्यांच्या कातडीला खाज सुटते आणि त्यावर कधी कधी स्टिरॉइडच्या गोळ्या देतात. त्या गोळ्यांनी भूक भयंकर वाढते. फिट्सवरच्या फेनोबार्बिटोननेही वाढते. असं काही चालू असेल तर डॉक्टरांना सांगा की हा जेवणावर गुरगुरायला लागलाय. औषध स्वतःहून बंद करू नका. आणि टायगरला रात्री एकदाच शीत, म्हणजे भात, घालत असाल तर ते दोन वेळांत वाटा. दिवसभर उपाशी असलेल्या कुत्र्याला ताटलीबद्दल उदार व्हायला सांगणं जरा जास्तच होतं. शितावर हुमणाची, म्हणजे माशाची, कढी ओतत असाल तर तीही थांबवा. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो.

मुलीचं. इथे मी अजिबात सूट देणार नाही. टायगर जेवत असताना मुलगी आणि टायगर यांच्यामध्ये बंद दार हवं. लक्ष ठेवणं म्हणजे दार नव्हे. मागच्या पडवीत ताटली ठेवा, त्याला आत घ्या, कडी लावा, त्याचं खाऊन झालं की त्याला दुसऱ्या दाराने बाहेर काढून मग ताटली उचला. मुलगी हातात बिस्कीट किंवा पोळी घेऊन घरभर फिरते तेव्हाही तो बाहेर. चार वर्षांच्या पोरीची उंची बरोबर त्याच्या तोंडासमोर येते, आणि मान ताठ झालेला कुत्रा तिला कळत नाही. सरावात तिला घेऊ नका, 'टायगरला तूच दे म्हणजे मैत्री होईल' असलं काही करू नका.

आता सराव. गुरगुरण्याच्या आधीच्या खुणा ओळखता आल्या पाहिजेत, नाहीतर पुढचं सगळं वाया. कुत्रा निवांत खात असतो, तुम्ही जवळ जाता. आधी खाण्याचा वेग वाढतो, बकाबका गिळायला लागतो. मग एकदम थांबतो. तोंड ताटलीतच, पण चावणं बंद, मान खाली, खांदे घट्ट. डोकं न हलवता नुसते डोळे तुमच्याकडे वळतात आणि बुबुळाच्या कडेला पांढरं दिसतं. या वेळी शेपूट हलत असली तरी फसू नका, ती ताठ राहून आखूड आखूड हलते. एवढं दिसलं म्हणजे तुम्ही आधीच जास्त जवळ आलात. बोलू नका, ओरडू नका, सरळ मागे फिरा.

चिकनची कलेजी मीठ-मसाला न घालता उकडा आणि हरभऱ्याएवढे तुकडे करा. ताटलीत मात्र साधंच जेवण, कोरडे दाणे किंवा नुसतं शीत. सुरुवातीला टायगर खांबाला बांधलेला असू दे, दोरी त्याला ताटलीपर्यंत पुरेल पण तुमच्यापर्यंत नाही इतकी. तुम्ही लांब उभ्या राहा, आठ-दहा फुटांवर, किंवा तो तुमच्याकडे बघूनही आरामात खात राहील तेवढ्या अंतरावर. एक पाऊल पुढे टाका. मग कलेजीचा तुकडा ताटलीजवळ फेका. आणि लगेच वळून परत जा. थांबून कौतुक करू नका. तुमचं जाणंसुद्धा त्याला बक्षीसच वाटतं.

क्रम फार महत्त्वाचा. आधी पाऊल, मग कलेजी. कलेजी आधी दाखवून मग पुढे गेलात तर काही दिवसांनी कलेजी दिसली की तो सावध होईल, आता ही येणार म्हणून. उलट पाऊल आधी पडलं तर पावलाचाच अर्थ बदलतो. एका जेवणात असं थोड्याच वेळा करा, बाकी जेवण त्याला सुखाने जेवू द्या.

काही दिवसांनी तुम्ही पुढे आलात की टायगर ताटलीतून तोंड वर काढून तुमच्याकडे बघायला लागेल. तोंड सैल, कान सैल, शेपूट कमरेपासून हलतेय, आली का कलेजी अशी नजर. याच नजरेसाठी सगळा खटाटोप. ती सलग दिसायला लागली की अर्धं पाऊल जवळ. ताठ झाला की दुसऱ्या दिवशी आणखी लांबून. मग ताटलीपर्यंत जाऊन तुकडा टाकायचा, मग जरा वाकून, मग हात खाली नेऊन, आणि अगदी शेवटी ताटली उचलून, वर कलेजी घालून, परत द्यायची. यात आठवडे जातात, काही कुत्र्यांचे महिने. भावोजींना सगळं पहिल्यापासून करावं लागेल, लांबच्या पावलापासून. तुमच्यावर बसलेला विश्वास त्यांच्या नावावर आपोआप चढत नाही, आणि परवाच्या प्रसंगानंतर तर नाहीच.

ताटली बघूनच टायगर ताठ होत असेल तर रिकामी ताटली खाली ठेवा आणि लांब दांड्याच्या डावाने थोडं थोडं शीत घाला. संपलं की त्याने तुमच्याकडे बघायचं, मग पुढचा डाव. हाताने जेवण जातं असं ज्याला वाटतं, त्याला हातानेच जेवण येतंय हे दिसतं.

पण मला वाटतं तुमची खरी अडचण ताटली नाही, परसातलं बांगड्याचं डोकं आहे. मासळी साफ केलेलं पाणी, खवले, आतडी माडाच्या मुळात ओतायची आपल्याकडे पद्धत. माडाला चांगलं असेल, टायगरला ती रोजची मेजवानी. ते खोल पुरा, नाहीतर झाकणाच्या बादलीत टाका. कावळे आणि मांजरं ओढून आणतात तेही लक्षात घ्या. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा घरात सुकं असतं, आणि सुक्या बांगड्यासाठी तर टायगर जीव टाकेल. मिठाचं प्रमाण बघता ते त्याला अजिबात नको.

तोंडातली वस्तू सोडायला शिकवायचं ते मात्र माशावर शिकवू नका. ज्याची त्याला फारशी पर्वा नाही अशी वस्तू घ्या, जुनी दोरी, नारळाची सोडणं, काहीही. 'दे' म्हणा, नाकासमोर कलेजी धरा, त्याने वस्तू सोडली की कलेजी द्या, आणि ती वस्तू त्याला परत द्या. परत देणं लोक विसरतात. दिलेलं परत मिळतं हे एकदा कळलं की द्यायला कुत्र्याला जड जात नाही. मग हळूहळू त्याच्या आवडीच्या वस्तूंकडे वळा.

तोवर समजा त्याने पुन्हा डोकं पळवलं, तर? पळवू द्या. मागे धावू नका, कोपऱ्यात गाठू नका. एका बांगड्याच्या डोक्यापायी हात पणाला लावण्यात अर्थ नाही. नंतर खोकतोय, उलट्या काढतोय, तोंडावर पंजा घासतोय असं दिसलं तर डॉक्टर. शिजलेली कोंबडीची हाडं, गळ, उंदराचं औषध, चॉकलेट असं काही असेल तर मात्र थांबून चालणार नाही. मूठभर कलेजी त्याच्यापासून लांब, ओळीने पसरून टाका; तो वेचत गेला की मध्ये दार लावून वस्तू उचला. कलेजी हाताशी नसेल तर गाडीची चावी वाजवा, फिरायचा पट्टा वाजवा. आमच्याकडे एक कुत्री होती, पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकला की तोंडात काय आहे ते विसरून फाटकाकडे पळायची. तुमच्या टायगरला असं काय पळवतं ते आधीच हेरून ठेवा.

हे सगळं घरी करण्यासारखं आहे ते सध्याच्या अवस्थेत. दात रुतून भोक पडलं, किंवा गुरगुरण्याशिवाय थेट चावला, किंवा ताटलीबरोबर सोफा, खोली, माणूस राखायला लागला, तर कुत्र्यांचं वागणं समजणारा डॉक्टर आणि बक्षिसावर शिकवणारा प्रशिक्षक गाठा. कोणी काटेरी पट्टा, करंटचा पट्टा किंवा जमिनीवर दाबून धरण्याच्या गोष्टी सांगितल्या तर नमस्कार करून परत या. जाळीचं मुसकं आत्ताच घेऊन ठेवा, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. कापडी घट्ट मुसकं आपल्या उकाड्यात फार वेळ नको. आत कलेजी चोपडून त्याला स्वतःहून तोंड घालू द्या.

आणि एक कटू बोलते. घरात माणसांची ये-जा इतकी असेल की दार बंद ठेवणं कोणाला जमणारच नाही, तर टायगरला लहान मुलं नसलेल्या घरात, सगळं खरं सांगून, देणं यात पाप नाही. किनाऱ्यावर सोडून येणं हे पापही आहे आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही.

गणेश चवथीला घर पाहुण्यांनी भरेल, तेव्हा सराव बंद ठेवा. ते दिवस टायगरचं जेवण बंद खोलीत, बाहेरून कडी-कुलूप, आणि किल्ली तुमच्याकडे. दारावर चिठ्ठी लावून काही होत नाही, पोरं चिठ्ठ्या वाचत नाहीत आणि पाहुणे वाचूनही उघडतात. फटाके सुरू झाले की कलेजीलाही तोंड लावणार नाही तो, तेव्हा पाहुणे गेल्यावर दोन दिवस जाऊ द्या आणि आधी जिथे होता त्याहून थोडं लांबून पुन्हा सुरू करा.