पाचशे फेऱ्या, सगळ्या डावीकडे

नोकरीनिमित्त अकरा वर्षं नॉर्थ कॅरोलिनात काढली, असं याच सदरात एकदा लिहून बसले. तेव्हापासून स्टॉक कार रेसिंगवरचं, म्हणजे अमेरिकेतल्या नास्कार या गाड्यांच्या शर्यतींवरचं, प्रत्येक पत्र माझ्याच गळ्यात पडतं. यावेळी चार पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : ताई, आमचे चिरंजीव रविवारी रात्र-रात्र जागून नास्कार बघतात. एकदा मीही शेजारी बसून पाहिलं. गाड्या घाण्याच्या बैलासारख्या फिरतात, मध्येच एकमेकींवर आदळतात, पुन्हा फिरायला लागतात. यात खेळ कुठला?
*– एक वैतागलेली आई*

उत्तर : घाण्याचा बैल मलाही आठवला होता. आम्ही राहत होतो त्या ग्रीन्सबरोहून तासाभरावर, व्हर्जिनियात, मार्टिन्सव्हिलचा ट्रॅक आहे. ऑफिसातला एकजण मला बळेच घेऊन गेला. एक फेरी जेमतेम 0.526 मैलांची, म्हणजे साडेआठशे मीटरच्या आत. आकार कागदाच्या यू-पिनेसारखा, सगळी वळणं डावीकडची, आणि अशा पाचशे फेऱ्या! पहिल्या पन्नास फेऱ्यांत मी तीनदा घड्याळ पाहिलं. सहकाऱ्याच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्याने स्वतःच्या कानांवरचा हेडफोन काढून माझ्या कानांवर चढवला.

तिथे ड्रायव्हर आणि त्याची माणसं रेडिओवर काय बोलतात ते प्रेक्षकांना ऐकता येतं. स्कॅनर भाड्यानेही मिळतो. माझ्या कानात एक ड्रायव्हर करवादत होता, ‘लूज आहे, लूज!’ लूज म्हणजे वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर पळतो. टाइट म्हणजे स्टिअरिंग फिरवलं तरी पुढची चाकं वळायला राजी नसतात आणि नाक भिंतीकडे जातं. गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या थांब्यावर आली. चार टायर बदलले, पेट्रोल भरलं. त्या गडबडीत एकाने मागच्या काचेतल्या भोकातून लांबलचक पाना आत घातला आणि अर्धा आटा पिळला. बस्स. त्याने कोपऱ्यातली स्प्रिंग दाबली गेली आणि चार चाकांवरचा भार थोडा इकडचा तिकडे झाला. वीसेक फेऱ्यांनी तोच आवाज आला, ‘आता वळतेय.’ आणि खरोखर, पुढच्या गाडीला तो आतल्या बाजूने खाऊ लागला. त्यानंतर मी घड्याळ पाहिलं नाही.

ऊन उतरल्यावर चाकांच्या आतल्या ब्रेकच्या चकत्या निखाऱ्यासारख्या लाल दिसत होत्या. घरी येऊन केस विंचरले तर फणीत टायरच्या रबराचे काळे कण.

चिरंजीवांना एवढंच विचारा, आज कोणाची गाडी लूज होती? सांगता आलं, तर मुलगा खेळ बघतोय. नाही आलं, तर टकरी बघतोय; मग खुशाल झोपायला पाठवा.

प्रश्न : ‘स्टॉक’ म्हणजे शोरूममधून उचललेली गाडी ना? मग ताशी 300 किलोमीटर कशी धावते?
*– अभियांत्रिकीचा विद्यार्थी*

उत्तर : नाव तेवढं राहिलंय, बाबा. आजच्या नास्कार गाडीचे हेडलाइट हे चक्क स्टिकर असतात. दारं उघडत नाहीत, ड्रायव्हर खिडकीतून आत शिरतो. अंगावर शेव्हरोले, फोर्ड किंवा टोयोटाचा मुखवटा, आत नळ्यांचा पिंजरा आणि व्ही-8 इंजिन.

पण ‘स्टॉक म्हणजे किती स्टॉक’ हे भांडण पहिल्या दिवसापासूनचं आहे. बिल फ्रान्स यांनी डेटोना बीचवरच्या एका हॉटेलात डिसेंबर 1947 मध्ये मंडळी जमवली, 1948 मध्ये नास्कार स्थापन झाली. 19 जून 1949 ला नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटच्या मातीच्या ट्रॅकवर ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ नावाची पहिली शर्यत झाली. काटेकोरपणे जशीच्या तशी गाडी हवी, हा नियम नावातच होता. ग्लेन डनवे फोर्ड घेऊन तीन फेऱ्यांनी पुढे राहून जिंकला. मग तपासनीस गाडीखाली वाकला. मागच्या स्प्रिंगा कडक केलेल्या! डनवे बाद, लिंकन गाडीवाला जिम रोपर विजेता. फोर्डचा मालक कोर्टात गेला आणि हरला.

आता त्या स्प्रिंगांची गंमत ऐक. त्या भागातल्या डोंगरांत हातभट्टीची दारू गाळायची आणि रात्री गाडीतून शहरात पोचवायची, हा जुना धंदा. दारूबंदी 1933 मध्ये उठली तरी कर चुकवण्यासाठी तो चालूच राहिला. डिकी भरली की गाडी मागून बसते आणि पोलिसाला लांबूनच कळतं. म्हणून मागे कडक स्प्रिंगा. त्याच स्प्रिंगा वळणावरही गाडीला धरून ठेवतात. थोडक्यात, या खेळातला पहिला पकडलेला लबाडीचा प्रकार भट्टीवरून आलेला होता. ज्युनियर जॉन्सनसारखा मोठा ड्रायव्हर त्याच शाळेत शिकला. रस्त्यावर तो पोलिसांच्या हाती कधी लागला नाही. 1956 मध्ये पकडला गेला तो वडिलांच्या भट्टीवर, आणि अकरा महिने तुरुंगात काढले. पुढे 1960 ची डेटोना 500 ही नास्कारची सर्वांत मानाची शर्यत त्याने कमी वेगाच्या शेव्हरोलेने मारली. वेगवान गाडीच्या शेपटीला चिकटून राहिलं की हवेचा अडथळा कमी होतो आणि आपली गाडीही ओढली जाते, हे त्याला सरावात उमगलं होतं. आज त्यालाच ड्राफ्टिंग म्हणतात.

कुणीतरी युक्ती काढायची आणि नियमाने मागून धापा टाकत यायचं, ही इथली रीत. 2022 मध्ये माझ्या त्याच मार्टिन्सव्हिलला रॉस चॅस्टेन या ड्रायव्हरने शेवटच्या वळणांवर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचललाच नाही. गाडी बाहेरच्या भिंतीला टेकवली आणि भिंतीच्याच आधाराने रेमटवत पाच गाड्या मागे टाकल्या. व्हिडिओ गेममध्ये लहानपणी केलं होतं म्हणे! त्यातून मिळालेले गुण मान्य झाले, तो विजेतेपदासाठीच्या अंतिम चौघांत पोचला. पुढच्या मोसमाआधी नास्कारने सांगितलं, पुन्हा कोणी केलं तर दंड.

प्रश्न : या वेगात माणसं दगावत नाहीत का?
*– एक वाचक*

उत्तर : दगावत होती. 18 फेब्रुवारी 2001 ला डेटोना 500 च्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट भिंतीवर आदळून गेले. मोसमाचं विजेतेपद सात वेळा मिळवलेले. मी तिथे असताना त्यांचा 3 आकडा दर दुसऱ्या पिकअपच्या काचेवर दिसे. धक्क्यात धड पट्ट्यांनी जागच्या जागी राहतं, डोकं पुढे फेकलं जातं आणि कवटीचा तळ तडकतो. डोकं खांद्यांशी बांधून ठेवणारं हान्स नावाचं साधन तेव्हाही होतं, सक्तीचं नव्हतं. त्याच ऑक्टोबरात असं साधन सक्तीचं झालं. पुढे भिंतींना पोलाद आणि फोमचं अस्तर लागलं. त्यानंतर कप मालिकेच्या, म्हणजे नास्कारच्या सर्वांत वरच्या मालिकेच्या, शर्यतीत ड्रायव्हरचा मृत्यू झालेला नाही.

प्रश्न : हा गोऱ्या दक्षिणेचा खेळ, असं वाचलं. तुम्हाला स्टँडमध्ये परकं वाटलं नाही?
*– एक वाचक, सध्या परदेशी शिक्षण*

उत्तर : वाटलं. शेजारच्या बाईंनी स्वतःच्या पिशवीतले कानातले बोळे मला दिले, लेकीसारखी विचारपूस केली. आणि त्यांच्याच मागे, पार्किंगमध्ये, गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्यांचा कॉन्फेडरेट झेंडा फडकत होता. दोन्ही खरं. नास्कारने त्या झेंड्यावर बंदी घातली ती जून 2020 मध्ये.

वेंडेल स्कॉट यांचं नाव माहीत असू दे. व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचे मेकॅनिक, टॅक्सीही चालवायचे, कृष्णवर्णीय. 1 डिसेंबर 1963 ला जॅक्सनव्हिलला ते जिंकले, तेही दोन फेऱ्यांच्या फरकाने. पण शर्यत संपल्याचा झेंडा दाखवून विजयी ठरवलं गेलं बक बेकरला. काही तासांनी, स्टँड रिकामे झाल्यावर, ‘मोजण्यात चूक झाली’ म्हणून स्कॉटना विजेते म्हटलं. तोवर ट्रॉफी गेलेली होती. डनवेच्या गाडीखालच्या स्प्रिंगा सापडतात, आणि इथे दोन अख्ख्या फेऱ्या कुणाला दिसत नाहीत! स्कॉट 1990 मध्ये गेले. घरच्यांच्या हाती ट्रॉफी आली 2021 मध्ये. त्याच वर्षी टॅलाडेगाला बबा वॉलेस जिंकला, कप मालिकेत स्कॉटनंतरचा पहिला कृष्णवर्णीय विजेता.

प्रश्न : कोणी भारतीय तिथे धावलाय का?
*– तोच अभियांत्रिकीचा विद्यार्थी*

उत्तर : नारायण कार्तिकेयन, 2010, ट्रक मालिकेत. एकेकाळी फॉर्म्युला वनमध्ये धावलेला माणूस पिकअप ट्रकमध्ये! पहिलीच शर्यत मार्टिन्सव्हिलला, तेरावा आला. जिंकला एकही नाही, पण मोसमाअखेर चाहत्यांच्या मतांवर ‘सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर’ मात्र तोच ठरला. मतं ऑनलाइन होती. कुठून आली असतील, ते तूच ओळख.