वाचक विचारतात: किंग कोल ट्रिओ जमवायचा तरी कसा?

प्रश्न: अमेरिकन गायक-पियानोवादक नॅट किंग कोल हे नाव मला आमच्या घरातल्या एका जुन्या एलपीमुळे माहीत होतं, मागे व्हायोलिनांचा ताफा आणि संथ प्रेमगीतं. मागच्या महिन्यात एका मित्राने त्याचं १९४३ सालचं रेकॉर्डिंग ऐकवलं, फक्त पियानो, गिटार आणि बास, ड्रम नाहीच, आणि मी पार वेडाच झालो. आता या ट्रिओचं, म्हणजे तिघांच्या बँडचं, सगळं जमवायचंय, रेकॉर्ड्स पण आणि सिनेमात दिसतात ते तुकडे पण. घोळ असा की एकच गाणं चार चार ठिकाणी सापडतं. त्यातलं खरं कुठलं? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: चारही खरी! आणि हे एकदा डोक्यात बसलं ना की पुढचं सगळं सोपं होतं. गाण्याच्या नावाने जमवू नका, रेकॉर्डिंगच्या तारखेने जमवा. मी सुरुवातीची बरीच वर्षं नावाने जमवत होतो आणि 'हे आहे आपल्याकडे' म्हणून कितीतरी चांगल्या गोष्टी हातातून सोडल्या, त्याची हळहळ अजून वाटते.

'स्वीट लोरेन'चंच बघा. डेक्का या रेकॉर्ड कंपनीसाठी ते ६ डिसेंबर १९४० ला वाजवलं, तेव्हा बासवर वेस्ली प्रिन्स. मग १९४३ च्या डिसेंबरमधे कॅपिटोल कंपनीसाठी पुन्हा, तेव्हा बासवर जॉनी मिलर. गिटार दोन्हीकडे ऑस्कर मूरचीच. दोन्ही लागोपाठ लावून बघा, तीन वर्षांत कोल आणि मूर एकमेकांच्या किती जवळ आलेत ते कळतं, दुसऱ्यात मूर कोलच्या ओळीच्या मधल्या जागेत असा काही अलगद शिरतो की दोन वाद्यं आहेत हेच क्षणभर विसरायला होतं. मला दुसरं जास्त आवडतं, पण पहिलं नसेल तर दुसऱ्याची मजा अर्धीच.

आता कुठे कुठे शोधायचं. ट्रिओ १९३७ मधे लॉस एंजेलिसला जमला. १९४०-४१ मधे डेक्का, मग मधे छोट्या कंपन्या, आणि १९४३ च्या शेवटापासून कॅपिटोल. मधला काळ खडतर आहे कारण १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंग बंद केलं होतं, कॅपिटोलने समझोता केला तो १९४३ च्या ऑक्टोबरात. त्यामुळे लेबलवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका, 'ऑल फॉर यू'वर कॅपिटोलचं नाव दिसलं तरी मूळ रेकॉर्डिंग एक्सेलसियर नावाच्या छोट्या कंपनीचं आहे, कॅपिटोलने ते नंतर घेतलं.

दुकानात कधीच न विकलेला माल वेगळाच, आणि माझ्या मते खरा खजिना तोच. एक म्हणजे ट्रान्सक्रिप्शन, रेडिओ स्टेशनांसाठी बनवलेल्या १६ इंची तबकड्या, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या स्पीडच्या, आपल्या घरच्या टर्नटेबलवर मावणारही नाहीत एवढ्या मोठ्या. मॅकग्रेगर कंपनीसाठी ट्रिओने अशा खूप केल्या, काहींत अनिता ओ'डे, आयडा जेम्स अशा गायिका आहेत. दुसरं म्हणजे व्ही-डिस्क, युद्धावरच्या सैनिकांसाठी १९४३ ते ४९ मधे काढलेल्या १२ इंची तबकड्या. यातलं बरंच आता सीडीवर आलंय, त्यामुळे मूळ तबकडीचा हट्ट धरू नका. मोझेक या कंपनीने १९९१ मधे कॅपिटोलच्या काळाचा १८ सीडींचा संच काढला, आणि रेझोनन्स या कंपनीने २०१९ मधे १९३६ ते ४३ चा ७ सीडींचा. हे दोन मिळाले तर पाठीचा कणा तयार झाला, बाकी सगळं त्याला जोडत जायचं. 'संपूर्ण' असं छापलेल्या स्वस्त संचांपासून मात्र लांब राहा. मी एकदा एका विक्रेत्याकडून असा एक घेतला, एकाही गाण्याला तारीख नाही आणि दोन गाणी तर चुकीच्या स्पीडवर, पियानो सूर सोडून अर्धा स्वर वर. पैसे गेले त्यापेक्षा जास्त वाईट वाटलं ते आठवडाभर ते चुकीचं ऐकत राहिलो याचं.

सिनेमाचं सांगतो. १९४३ चा 'हिअर कम्स एल्मर', १९४६ चा 'ब्रेकफास्ट इन हॉलिवूड', १९४८ चा 'किलर डिलर', इथून सुरू करा. कथेशी यांचा बहुतेक वेळा काडीचा संबंध नसतो, तिघं येतात, वाजवतात, जातात. त्यामागे एक कटू कारण होतं. दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या कलाकारांचे प्रसंग सर्रास कापले जायचे, म्हणून ते प्रसंग असेच सुटे ठेवायचे की कापले तरी कथा अडायला नको. म्हणून कॉपी घेताना आधी लांबी तपासा, कमी भरली तर बहुतेक तुम्हाला हवा तोच तुकडा गायब असतो.

आणि सिनेमातला आवाज म्हणजे दुकानातली रेकॉर्ड नव्हे. 'स्ट्रेटन अप अँड फ्लाय राइट' त्यांनी 'हिअर कम्स एल्मर'मधे केलं, कॅपिटोलचं रेकॉर्डिंग ३० नोव्हेंबर १९४३ चं आणि ती रेकॉर्ड गाजली १९४४ मधे. म्हणजे सिनेमातलं हे वेगळंच वाजवणं आहे, तुमच्या यादीत त्याला स्वतंत्र ओळ द्या.

प्रश्न: ट्रिओची एक छोटी फिल्म बघितली, त्यात ऑस्कर मूर चक्क डाव्या हाताने गिटार छेडताना दिसतो! फोटोंमधे तर तो उजव्या हाताने वाजवतो. माणूस वेगळा आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: माणूस तोच, फिल्म उलटी. तुम्ही बघितली ती 'साउंडी'. १९४० च्या दशकात अमेरिकेत बार, हॉटेलं, बसस्टँड अशा ठिकाणी पॅनोरम नावाचं कपाटाएवढं यंत्र असायचं, शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीचं. दहा सेंटचं नाणं टाकलं की एक गाणं दिसायचं, साधारण तीन मिनिटांचं. रिळावर आठ गाणी, आणि आपल्याला हवं ते निवडता यायचं नाही, जे पुढे असेल ते बघायचं. आतला प्रोजेक्टर आरशांवरून चित्र मागून पडद्यावर टाकायचा, म्हणून १६ मिलीमीटरची प्रिंटच मुळात उलटी काढायचे, आरशात ती सुलट व्हायची. नंतर कुणी तीच प्रिंट साध्या प्रोजेक्टरवर लावून कॉपी केली की सगळं जग डावखुरं.

ओळखायची माझी खूण म्हणजे कोटाचा वरचा खिसा. रुमालाचा तो खिसा पुरुषांच्या कोटाला डाव्या छातीवर असतो, तो उजवीकडे दिसला की समजा प्रिंट उलटी आहे. कॉम्प्युटरवर चित्र फिरवून घ्या, आवाजाला काही होत नाही.

साउंडीत आवाज आधी रेकॉर्ड करून मग त्यावर अभिनय करायचे, म्हणून बोटं कधी कधी सुरांच्या किंचित मागेपुढे दिसतात. तरीही बघाच. कोल पियानोकडे तिरका बसतो, तोंड आपल्याकडे, डोळ्यांत हसू, हात तिकडे आपापलं काम करतायत आणि त्याचं तिकडे लक्षही नाही. रेकॉर्डवर कितीही वेळा ऐकलंत तरी हे कळणार नाही.

प्रश्न: जुन्या बाजारात कॅपिटोलची ७८ च्या स्पीडची तबकडी मिळाली. धूळ खूप आहे, स्पिरिटने पुसू का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: अजिबात नको! ७८ ची तबकडी लाखेची असते आणि लाख स्पिरिटमधे विरघळते, तबकडी कायमची जाईल. कोमट पाणी, साध्या साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, लेबलला पाणी लागू द्यायचं नाही, आणि सावलीत उभी वाळवायची. एलपीची सुई लावू नका, ७८ ची खाच रुंद असते, तिला साधारण तीन हजारांश इंचाची सुई लागते.

प्रश्न: आमच्या गोव्यातल्या हळदोण्याचे चिक चॉकलेट यांचंही असं जमवता येईल का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर: का नाही, आणि हे आपल्याच लोकांनी करायला हवं. अँटोनियो झेवियर वाझ हे त्यांचं खरं नाव, मुंबईच्या ताजमधे बँड वाजवायचे, ट्रम्पेट ऐकून लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. सुरुवात १९५१ च्या 'अलबेला'पासून करा, भगवानदादांचा सिनेमा, सी. रामचंद्रांचं संगीत. 'दीवाना परवाना' गाण्यात चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड पडद्यावरच आहे, झालरीच्या बाह्यांचे शर्ट घालून. आपल्याकडच्या अडचणीची जात वेगळी. ट्रिओच्या रेकॉर्डवर निदान ट्रिओचं नाव छापलेलं असतं, आपल्या सिनेमाच्या ७८ वर गायक आणि संगीतकार, वाजवणाऱ्यांचा पत्ताच नाही. म्हणून इथे आधी पडद्यावरचे चेहरे ओळखायचे आणि तिथून रेकॉर्डकडे जायचं. तुमच्या गावात त्या काळी मुंबईला वाजवायला गेलेल्यांची घरं आहेत, कपाटात फोटो असतील, बँडचे, मागे नावं लिहिलेले. ते फोटो आणि ते गाणं शेजारी ठेवून एकेक चेहरा जुळवायला बसा, आणि जो जुळेल तो मला नक्की कळवा.