खेळ तुमचा, प्रश्न तुमचे

प्रश्न : माझा भाचा कॅलिफोर्नियातल्या हायस्कूलमध्ये अमेरिकन फुटबॉल खेळतो. ‘ए-इलेव्हन’ रचनेत अकराही जण पास झेलू शकायचे, म्हणून ती बंद केली म्हणतो. खरं का? – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : अकराही नाही, भाऊ. तुमचं पत्र वाचून मी अंगणातल्या फरशीवर खडूने अकरा गोल काढले. सात पुढच्या ओळीत, चार मागे. त्या सातांपैकी फक्त दोन टोकांचे आणि मागचे चार, एवढेच पास झेलायला पात्र. फेकणारा धरून सहाच!

मग गोंधळ कुठे? मधले पाच जण एरवी ५० ते ७९ क्रमांकाची जर्सी घालतात. पाठ पाहिली की कळतं, हा झेलणारा नाही. चेंडूला लाथ मारण्यासाठी उभं राहायचं, त्या किकच्या रचनेत मात्र या क्रमांकांची सूट होती. २००७ मध्ये पीडमाँट हायस्कूलच्या कर्ट ब्रायन आणि स्टीव्ह हम्फ्रीज या प्रशिक्षकांनी तीच पकडली. एक खेळाडू सात यार्ड मागे उभा केला की झाली किकची रचना. किक मारायलाच हवी असं थोडंच आहे? मग अकराही जर्सी झेलणाऱ्यांच्याच. कोण पात्र, हे समोरच्या पोरांनी दोन क्षणांत ओळखायचं.

२००९ मध्ये शालेय नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय संघटनेने ही वाट बुजवली. मला ते पटत नाही. मधल्या त्या पाच जागांसाठी छोट्या शाळेला धिप्पाड पोरं कुठून मिळणार? मी इथे मुलांना फुटबॉल शिकवतो, सडपातळ पोरांची ती तडफड मी रोज बघतो.