पूरनकाशाचे काम आणि भूगोलाची पदवी

प्रश्न : आमची मुलगी निपाणीजवळच्या गावातून ये-जा करून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला भूगोल शिकते. उंचीच्या माहितीवरून भूरूपांचे वर्गीकरण करून पुराचा धोका ठरवण्याचे काम तिला शिकायचे आहे. बी.एड.चा विचार सोडून तिला या वाटेला जाऊ द्यावे का? – एक पालक

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, तरीही तिला जाऊ द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र या कामात नेमके काय करावे लागते, हे आधी आपण दोघांनीही समजून घ्यावे.

उपग्रहांनी मोजलेल्या उंचीच्या माहितीत जमीन लहान चौकोनांत विभागलेली असते, आणि विनामूल्य मिळणाऱ्या माहितीत असा चौकोन साधारण 30 मीटरचा असतो. प्रत्येक चौकोनाची उंची भोवतालच्या सरासरी उंचीशी ताडून पाहिली, की तो माथा आहे, उतार आहे की खोलगट भाग, हे ठरवता येते. भोवताल किती अंतराचा धरायचा, हा निर्णय मात्र माणसाला घ्यावा लागतो. खानापूरच्या डोंगराळ भागात, जिथे कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, तिथे लहान अंतर घेतले तरी दऱ्या आणि डोंगरसोंडा वेगळ्या पडतात. पण चिकोडी तालुक्यात कृष्णाकाठी तेच अंतर घेतले, तर जवळजवळ सगळे शिवार ‘सपाट’ या एकाच वर्गात जाते, आणि मळीची जमीन कुठे संपते व माळ कुठे सुरू होतो, हा पुराच्या दृष्टीने खरा प्रश्न अनुत्तरितच राहतो. अशा ठिकाणी प्रत्येक चौकोन जवळच्या प्रवाहापासून किती उंचीवर आहे, हेही काढावे लागते. त्यातही झाडांची आणि उभ्या उसाची उंची काही प्रमाणात जमिनीच्या उंचीत मिसळते, आणि नदीकाठी तर एक-दोन मीटरच्या फरकावर घर बुडणार की वाचणार हे ठरते. शिवाय कृष्णा दुथडी भरून वाहू लागली की तिला मिळणाऱ्या दूधगंगेचे पाणी मागे तुंबते; हे भूरूपांच्या नकाशात दिसत नाही, त्यासाठी प्रवाहाचे गणितच मांडावे लागते.

आपल्या मुलीला इथे एक मोठी सोय आहे. 2019 आणि 2021 च्या पुरात पाणी कुठवर चढले, हे वेदगंगेच्या काठावरची माणसे आजही बोट ठेवून दाखवतात. इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावरील कार्टोसॅट उपग्रहाची उंचीची माहिती आणि नकाशे तयार करण्याची, मोफत मिळणारी क्यूजीआयएस ही संगणक प्रणाली घेऊन तिने दोन-तीन गावांचे वर्गीकरण करावे, आणि लोकांनी दाखवलेल्या खुणांशी ते कुठे जुळते व कुठे चुकते, याची नोंद ठेवावी. प्रवेशाच्या किंवा नोकरीच्या मुलाखतीत अशी वही एखाद्या प्रमाणपत्राहून अधिक वजनदार ठरते, असे मी मानतो.

पुढे भूमाहितीशास्त्राची (संगणकावर नकाशे आणि भौगोलिक माहिती हाताळण्याच्या शास्त्राची) पदव्युत्तर पदवी घ्यावी. काही ठिकाणी विज्ञान शाखेची अट असते, म्हणून अर्जापूर्वी पात्रता तपासावी. देहरादूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे विनाशुल्क ऑनलाइन अभ्यासक्रम आतापासूनच करता येतील. संख्याशास्त्र आणि थोडी पायथन ही संगणकाची भाषा टाळून चालणार नाही. सुरुवातीच्या नोकऱ्या बहुधा कंत्राटी असतात, हेही आपण गृहीत धरावे, बी.एड. नंतरही करता येते. कर्नाटकातील शासकीय खात्यांची कागदपत्रे कन्नडमध्ये असल्याने तिने कन्नड वाचन-लेखन पक्के करावे, आणि ते याच वर्षी सुरू करावे.